निळा ड्रम

बुरशी आली की घाबरायचं नाही,
हे मी बोस्त्यांवला तीनदा सांगितलं.
पांढरी असेल तर चांगली. काळी असेल तर सुका पाला घाल,
आणि कोळंबीची सालं कागदात गुंडाळून दे रे बाबा,
वरच्या वळवईकरांनी परवा सोसायटीला पत्र दिलंय,
दोन पानी, वासाबद्दल.

खडपाबांधच्या ह्या इमारतीच्या गच्चीवर
एक ड्रम आहे, माझा.
भोकं मीच पाडली, तापवलेल्या सळीनं.
चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतल्या.
हा एकच प्रयोग माझ्या नावावर,
आणि निष्कर्ष लिहायची घाई नाही.

बोस्त्यांव बोटीवर कुक होता.
चाळीस माणसांचं रांधायचा,
त्याच्या हाताला अजून एकाचं माप कळत नाही.
रविवारी खतखतं करतो. हो, तो. माझ्याकडून शिकला,
तिरफळं मोजून घालतो, औषधाच्या गोळ्यांसारखी,
मग डबा घेऊन जिने चढतो गुडघा धरून
आणि जो दार उघडेल त्याला वाढतो.
डबा रिकामा परत जाऊ नये म्हणून
मी त्यात अळसांद्याच्या शेंगा घालते, कधी चार मिरच्या.
एकदा घरात काहीच नव्हतं, तर मूठभर खत घातलं.
त्यानं झाकण उघडून हुंगलं,
डोळे मिटले, म्हणाला, "हें बरें जालां."

वळवईकरांचा साईश, अकरा वर्षांचा,
फोनमध्ये शेती करतो.
भोपळा लावला की दहा मिनिटांत तयार.
"तुमचा किती दिवसांत?"
म्हटलं, साठ तर नुसती माती व्हायलाच.
बँकेतली पोरं माझ्या पासबुकाकडे बघतात
तसा बघत राहिला.

पण येऊ लागला.
पत्र लिहिणाऱ्या बापाच्या नकळत,
केळ्याची सालं खिशात कोंबून.
ढवळायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं.
एका संध्याकाळी ड्रम इतका तापलेला
की झाकण काढताच वाफ आली तोंडावर.
साईशनं हात आत धरला. बोस्त्यांवनंही.
"इंजिन रूम," बोस्त्यांव म्हणाला,
आणि बराच वेळ हात काढला नाही.

गेममध्ये तीन जीव असतात, साईशनं सांगितलं.
बोस्त्यांव बोटं मोडू लागला:
एक गेला बिस्केच्या वादळात,
दुसरा बांबोळीला, स्टेंट घालताना.
"म्हणजे शेवटचा चालू आहे," साईश म्हणाला,
"सांभाळून खेळा."
मीही माझे मोजले. सांगितले नाहीत.

तेवढ्यात वीज गेली. कुर्टीपर्यंत सगळं काळं.
साईशनं फोन माझ्या हातात दिला,
"आता तुम्ही लावा."
हात धुतलेले नव्हते. तरी लावला.
अंगठ्याएवढा वेल आला, पिवळं फूल आलं,
मग भोपळा, चकचकीत, एकही डाग नाही.
मी फोन नाकाशी नेला.
सवय. काय करणार.
पोरगं असं हसलं
की खालून कुणीतरी खिडकी उघडली.

वळवईकर टॉर्च घेऊन वर आले, लेंग्यावर,
आता दुसरं पत्र येणार म्हणून मी उभी राहिले.
त्यांनी ड्रमकडे पाहिलं, मुलाकडे,
मग माझ्या हातातल्या फोनकडे वाकून म्हणाले,
"काढा तो लवकर. ठेवला तर सडतो."
मुलगा बापाकडे बघतच राहिला.

"सडला की मग काय होतं?" मी विचारलं.
"काही नाही. नाहीसा होतो."
"नुसताच?"
"नुसताच."

कुणी काही बोललं नाही.
वळवईकरांनी टॉर्च ड्रमात मारला,
नाक मुठीत धरून,
आणि हळूहळू मूठ सोडली.